भाड्याच्या घरात ओल आणि बुरशी: भाडेकरूने काय करावं

कपाट जरा पुढे ओढलं आणि मागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले, की पहिला प्रश्न येतो: हे कुणी निस्तरायचं, आपण की घरमालकाने? ओल कुठून येते हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून आधी तेच शोधा.

डाग पडलेली जागा पुसून कोरडी करा. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोनी तुकडा तिथे लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव जमलं असेल, तर घरातलीच हवा दमट आहे. फॉइलची मागची बाजू ओली निघाली, तर पाणी भिंतीतून येतंय: गळका पाइप, भेग किंवा गच्ची. घरातला दमटपणा कमी करणं आपलं काम; गळतीची दुरुस्ती सहसा मालकाची. तरी करारनामा एकदा वाचाच.

आता आपलं काम. अंघोळीच्या वेळी बाथरूमचं दार लावून एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, आणि अंघोळीनंतरही १५-२० मिनिटं तो बंद करू नका. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा. कपडे घरातच वाळत घालावे लागले तर एकाच खोलीत घाला, तिची खिडकी उघडी आणि दार बंद. एक साधा आर्द्रतामापक घरात असू द्या. काटा ६० टक्क्यांच्या खाली हवा, ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर उत्तम. मात्र बाहेर पावसाची दमट हवा असताना दिवसभर खिडक्या सताड उघड्या टाकल्या, तर ओल वाढतेच.

कपाट-पलंग भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. पाणी सांडलं, गादी भिजली, तर २४ ते ४८ तासांच्या आत वाळवा; त्यानंतर बुरशी धरू लागते.

डाग लहान असेल तर हातमोजे आणि मास्क घालून साबणाच्या पाण्याने घासा आणि जागा पूर्ण कोरडी करा. ब्लीच कधीही अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. घरात दम्याचा त्रास असलेल्यांना हे काम करू देऊ नका. डाग साधारण १० चौरस फुटांहून मोठा असेल तर जाणकार माणूसच बोलवा. आणि कृपा करून बुरशीवर नुसता रंग मारू नका. काही दिवसांत रंग फुगतो, पोपडे सुटतात.

गळती दिसली की त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. अनेक भाडेकरू इथेच चुकतात. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं आणि घर सोडताना नुकसान अनामत रकमेतून कापलं जातं. एवढं लिहिलं तरी पुरे: ‘बेडरूमच्या खिडकीखालच्या भिंतीला आजपासून ओल दिसते आहे, फोटो सोबत पाठवले आहेत, कृपया दुरुस्तीसाठी कुणाला कधी पाठवाल ते कळवा.’ फोटोंवर तारीख असू द्या. दुरुस्ती होऊन भिंत वाळली की तिथेच पुन्हा एकदा फॉइल लावून बघा.