गणपती विसर्जनानंतर लगेच बदकांना प्लेगची लस द्यावी: इंदूर परिसरातील बदकपालकांसाठी सल्ला

दसरा-दिवाळीच्या सुमारास यशवंत सागर, सिरपूर आणि देपालपूर-सांवेर भागातील लहानमोठ्या तलावांवर उत्तरेकडून येणाऱ्या रानबदकांचे थवे उतरू लागतात. त्याच पाण्यात किंवा त्या पाण्याशी जोडलेल्या नाल्यात आपली पाळीव बदके चरत असतील, तर बदकांच्या प्लेगचा विषाणू कळपात शिरण्यास तो काळ अनुकूल असतो. म्हणून लस गणपती विसर्जनानंतर लगेच टोचून घ्यावी, म्हणजे थवे उतरेपर्यंत पक्ष्यांच्या अंगी पुरेशी प्रतिकारशक्ती आलेली असेल.

हा रोग नागीण (हर्पीस) गटातील विषाणूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद 1963 मध्ये पश्चिम बंगालमध्ये झाली. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात. बदक उजेड टाळते, पापण्या चिकटतात, तहान वाढते, पंख खाली लोंबतात, हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते आणि अंडी एकाएकी कमी होतात. मेलेल्या नराचे लिंग बाहेर आलेले दिसले, तर प्लेगचा संशय पक्का धरावा. या रोगावर औषध नाही आणि प्रतिजैविके देऊन विषाणू मरत नाही. वाचलेली बदकेही पुढे दीर्घकाळ विषाणू अंगात बाळगून राहतात व अधूनमधून पाण्यात सोडत असतात. त्यामुळे अशी बदके निरोगी कळपात मिसळू नयेत किंवा विकूही नयेत.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे. कोंबड्यांना दिली जाणारी राणीखेतची लस बदकांना टोचली म्हणजे काम झाले, असे अनेक पालक मानतात. राणीखेत आणि बदकांचा प्लेग यांचे विषाणू पूर्णपणे भिन्न आहेत, त्यामुळे एकाची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही. बदकांच्या कॉलऱ्याची लसही वेगळीच असते, कारण तो रोग जिवाणूंमुळे होतो.

माळव्यात बदकपालन थोडे असल्याने प्लेगची लस प्रत्येक दवाखान्यात तयार मिळेल, असे गृहीत धरू नये. आपल्या भागातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे महिनाभर आधी मागणी नोंदवावी आणि शेजारच्या दोन-चार पालकांची बदके मिळून एकत्र मागणी करावी. एका बाटलीत पुष्कळ मात्रा असतात व बाटली फोडल्यावर उरलेली लस दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही, त्यामुळे सर्वांनी एकाच दिवशी टोचणी करणे खर्चालाही परवडते.

पहिली मात्रा साधारण वयाच्या आठव्या आठवड्यात द्यावी आणि पुढे दरवर्षी एकदा. खाकी कॅम्पबेलसारख्या अंड्यांच्या जातीत अंडी सुरू होण्यापूर्वीच टोचणी उरकून घ्यावी. मस्कोव्ही जातीची बदके या रोगाला विशेष बळी पडतात. घरी चार-सहाच असली तरी त्यांना वगळू नये. आजारी, अशक्त किंवा नुकत्याच दूरच्या प्रवासातून आणलेल्या बदकांना मात्र त्या दिवशी लस टोचू नये. आठ-दहा दिवस आधी जंतनाशक दिल्यास उत्तम.

लस फुकट जाते ती बहुधा उष्णतेने, म्हणून या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. ही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस असून ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच टिकते. इंदूरहून गावी नेताना बर्फ घातलेला थर्मास वापरावा, मोटारसायकलच्या डिकीत किंवा खिशात बाटली ठेवू नये. सोबत मिळालेल्या थंड द्रावणातच ती मिसळावी, सावलीत ठेवावी आणि दोन तासांच्या आत संपवावी. पिचकारी व सुया पाण्यात उकळून निर्जंतुक कराव्यात. फिनाईल, स्पिरिट वगैरेंचा अंश आत राहिल्यास लसीतील विषाणूच मरतो व टोचणी निष्फळ ठरते. मात्रेचे प्रमाण बाटलीवरील सूचनेप्रमाणे ठेवून मानेच्या मागील भागात कातडीखाली टोचावे. टोचणी पहाटे करावी, कारण बदके उन्हात पकडली की धापा टाकतात. उरलेली लस व रिकाम्या बाटल्या उकळून मगच पुरून टाकाव्यात.

आठवड्या-दोन आठवड्यांची पिल्ले मान मागे ताणून तासाभरात मरू लागली, तर तो विषाणूजन्य यकृतदाह असू शकतो. त्याचा प्लेगच्या लसीशी संबंध नाही. तसेच बर्ड फ्लूवर आपल्याकडे बदकांना लस दिली जात नाही. डिसेंबर 2020 अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या परिसरात मेलेल्या कावळ्यांत एच5एन8 आढळला होता, हे येथील पालकांना आठवत असेल. कावळे किंवा बदके एकाएकी मोठ्या संख्येने मेलेली दिसली, तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे. त्याच दिवसापासून आपली बदके तलावावर सोडणे थांबवून त्यांना खुराड्यातच विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्यावे.