सरासरी, मध्यक, बहुलक, पर्सेंटाइल : आकडे वाचताना या चुका टाळा

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका दुकानात नऊ माणसं कामाला आहेत असं धरू. महिन्याचे पगार रुपयांत असे : ११,०००, १२,०००, १२,०००, १३,०००, १३,५००, १४,०००, १५,०००, १८,००० आणि मॅनेजरचा ९०,०००. बेरीज १,९८,५००. भागिले नऊ केलं की सरासरी येते २२,०५६, आणि नऊपैकी आठ जणांना एवढा पगार मिळतच नाही. चढत्या क्रमाने लावले तर मधला, म्हणजे पाचवा पगार १३,५००, हा मध्यक. सगळ्यात जास्त वेळा आलेला १२,०००; हा बहुलक. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण तिघांचे प्रश्न वेगळे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवलं की बिनसतं.

नोकरीला येणाऱ्याला 'इथे साधारण किती मिळतं' हे सांगायचं असेल तर १३,५०० हे प्रामाणिक उत्तर. सरासरी कितपत विश्वासाची आहे हे पाहायची एक झटपट चाचणी आहे : सगळ्यात मोठा आकडा झाकून दोन्ही मापं पुन्हा काढा. इथे मॅनेजर वगळला तर सरासरी २२,०५६ वरून १३,५६३ वर कोसळते. मध्यक १३,५०० वरून १३,२५० वर, म्हणजे जेमतेम हलतो. एका माणसाने सरासरी एवढी हलत असेल तर ती एकटी सांगू नका, शेजारी मध्यक लिहा.

आता उलटी चूक, जी थोडंफार शिकलेले लोक हमखास करतात : मध्यक नेहमीच शहाणा असं मानणं. मालकाला पगारासाठी दरमहा किती रक्कम बाजूला ठेवायची हे काढायचं असेल आणि त्याने मध्यकाला नऊने गुणलं, तर १,२१,५०० येतील. प्रत्यक्षात लागतात १,९८,५००. महिन्याच्या शेवटी ७७,००० कमी पडतील. जिथे एकूण रकमेशी काम आहे, म्हणजे खर्च, साठा, वीज, पाणी, तिथे सरासरीच लागते, कारण सरासरी गुणिले संख्या बरोबर एकूण हे नातं फक्त तिचंच आहे.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक घोळ असतो, शब्दांचा. मूल हिंदी पुस्तकात 'माध्य' आणि 'माध्यक' वाचतं, इंग्रजी शाळेत असेल तर मीन आणि मीडियन, आणि घरी शिकवणारे आजोबा 'मध्य' आणि 'मध्यक' म्हणतात. एका 'क'ने उत्तर बदलतं. अभ्यास घेताना सुरुवातीलाच वहीच्या कोपऱ्यात तिन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहून ठेवा.

शून्य आणि रिकामी जागा

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये सरासरीचं सूत्र रिकामा चौकोन सोडून देतं, पण शून्य मोजतं. वर्गात ३० मुलं, पाच गैरहजर. त्यांच्यापुढे शून्य भरलं तर सरासरी विनाकारण खाली येते. हजर २५ जणांची सरासरी ६० असेल तर शून्यांसकट ती ५० दिसते. गैरहजर असेल तर चौकोन रिकामा ठेवा, किंवा 'गै' असं अक्षर लिहा. अक्षरंही सूत्र सोडून देतं.

पण म्हणून सगळी शून्यं पुसू नका. पावसाच्या नोंदीत शून्य हे खरं मोजमाप आहे : त्या दिवशी पाऊस झाला नाही. इंदूरच्या वर्षभराच्या रोजच्या पावसाचा मध्यक काढला तर तो शून्य येतो, कारण निम्म्याहून कितीतरी जास्त दिवस कोरडे जातात. गणित बरोबर, उपयोग शून्य. अशा वेळी फक्त पावसाचे दिवस वेगळे काढून त्यांचा मध्यक घ्या, आणि तसं केल्याचं मथळ्यात लिहा.

शीटमधल्या आणखी दोन तक्रारी नेहमीच्या. सूत्र हाताने काढलेल्या उत्तरापेक्षा वेगळं दाखवत असेल तर आकडे चौकोनात डावीकडे चिकटलेत का ते पाहा. डावीकडे असतील तर ते बहुधा मजकूर म्हणून साठले आहेत आणि मोजलेच जात नाहीत. दुसरी तक्रार : फिल्टर लावला तरी सरासरी बदलत नाही. साधं सूत्र लपलेल्या ओळीही मोजतं. फक्त दिसणाऱ्या ओळींसाठी सबटोटल वापरा. सबटोटलमध्ये मध्यक नाही. एक्सेलमध्ये त्यासाठी ॲग्रिगेट आहे, त्यात १२ क्रमांक मध्यकाचा. सोबतचा पर्याय लपलेल्या ओळी सोडण्याचा, म्हणजे ५, निवडा.

मंडीचा 'मोडल' भाव

ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर प्रत्येक मंडीचे तीन भाव दिसतात : किमान, कमाल आणि मोडल, क्विंटलला रुपयांत. 'मोडल' ऐकायला 'मॉडेल'सारखा वाटतो, म्हणून काही जण तो आदर्श भाव समजतात. तो बहुलक आहे, ज्या भावात सर्वाधिक माल विकला गेला तो. आदर्शाशी त्याचा काही संबंध नाही.

महागात पडणारी चूक ही की किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागणं. समजा चोइथराम मंडीत लसणाचा किमान भाव ३,०००, कमाल १४,००० आणि मोडल ६,५०० आहे. मधला आकडा ८,५०० निघतो. पण १४,००० हा एखाद्या निवडक, मोठ्या गाठीच्या ढिगाला मिळालेला असू शकतो आणि ३,००० भिजलेल्या मालाला. दोन टोकांचा मध्य बाजार कुठे आहे ते सांगत नाही. २० क्विंटल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याचा हिशेब इथेच ४०,००० रुपयांनी चुकतो.

आठवड्याचा भाव काढताना आवक विसरू नका. एका दिवशी २०० क्विंटल ७,००० ने गेला आणि दुसऱ्या दिवशी २,००० क्विंटल ६,००० ने, तर ६,५०० हा भाव फार थोड्यांच्या वाट्याला आला. भावाला आवकेने गुणून बेरीज करा, एकूण आवकेने भागा : साधारण ६,०९१. हाच नियम वर्गांना लागू. ४० मुलांच्या तुकडीची सरासरी ६२ आणि १० मुलांच्या तुकडीची ८२, तर सगळ्यांची सरासरी ७२ नाही, ६६. आणि दोन तुकड्यांचे मध्यक हाती असतील तर त्यांवरून एकत्र मध्यक काढताच येत नाही. मूळ गुण मागवा.

वेगाचंही असंच. इंदूर ते उज्जैन साधारण ५५ किलोमीटर. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० च्या वेगाने आलात तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८. कारण हळू प्रवासात वेळ जास्त गेला.

सराफ्याची दोन शिखरं

सराफा दिवसा दागिन्यांचा बाजार, रात्री खाण्याचा. तिथे येणाऱ्यांची वेळ टिपून सरासरी काढली तर ती संध्याकाळी कुठेतरी पडेल, जेव्हा सोनार आवरायला लागलेले असतात आणि भुट्ट्याच्या किसाची कढई अजून तापलेली नसते. त्या वेळेवर भरवसा ठेवून कुणी दुकान थाटलं तर त्याने बसून माश्याच माराव्यात. माहितीत दोन शिखरं असतील तर सरासरी आणि मध्यक दोन्ही दरीत पडू शकतात. आधी तासागणिक मोजणी मांडा, शिखरं दिसली की दोन गट वेगळे करा आणि प्रत्येकाचं माप स्वतंत्र काढा.

याच माहितीत एक खड्डा लपलेला आहे. रात्री ११ म्हणजे २३:०० आणि रात्री १ म्हणजे १:०० यांची सरासरी शीट १२:०० देते, भर दुपारचे बारा! मध्यरात्रीनंतरच्या वेळेत २४ मिळवा : १ वाजताचे २५ करा. मग २३ आणि २५ ची सरासरी २४, म्हणजे मध्यरात्र.

चतुर्थक : तीन पुस्तकं, तीन उत्तरं

छप्पन दुकानवरून पोह्यांच्या आठ ऑर्डरी पोचायला लागलेली मिनिटं अशी धरू : १०, १२, १५, १८, २०, २४, ३०, ४५. मध्यक १९, त्यावर वाद नाही. पहिलं चतुर्थक, म्हणजे ज्याच्या खाली पाव भाग आकडे येतात ती जागा, किती?

संख्येत एक मिळवून चाराने भागायची शाळेची रीत सव्वादोनवी जागा देते : १२.७५. खालच्या अर्ध्याचा मध्यक घेतला तर १३.५. एक्सेलचं नेहमीचं चतुर्थकाचं सूत्र पावणेतिसरी जागा धरतं आणि १४.२५ देतं. तिन्ही मान्य रीती आहेत. तिसरं चतुर्थक याच क्रमाने २८.५, २७ आणि २५.५.

एवढ्याने काय बिघडतं? संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा नियम वापरून 'फटकून असलेला' आकडा शोधताना बिघडतं. तिसऱ्या चतुर्थकात दोन चतुर्थकांमधल्या अंतराची दीडपट मिळवायची. त्यापलीकडे गेलेला आकडा संशयित. शाळेच्या रीतीने ही सीमा ५२.१ येते, अर्ध्यांच्या रीतीने ४७.२५, एक्सेलने ४२.४. म्हणजे ४५ मिनिटांची ऑर्डर पहिल्या दोन रीतींत निर्दोष आणि तिसरीत गुन्हेगार. पोचवणाऱ्या मुलाचे पैसे कापण्याआधी रीत कोणती वापरली ते पाहिलेलं बरं. शाळेच्या रीतीचंच उत्तर एक्सेलमध्ये हवं असेल तर चतुर्थकाच्या दोन सूत्रांपैकी 'एक्स्क्लुझिव्ह' म्हणजे ईएक्ससी शेपटीचं सूत्र घ्या. मूल्यं शेकड्यांत असतील तर हा फरक बहुधा नगण्य होतो; आठ-दहा असतील तर चतुर्थकं काढण्यापेक्षा सगळे आकडेच छापा.

वर्गीकृत माहितीत एकच सूचना. मध्यकाच्या सूत्रात मध्यकवर्गाच्या (ज्या वर्गात मध्यक पडतो त्याच्या) *आधीच्या* वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे तिथवरच्या वारंवारतांची बेरीज, घ्यायची असते. वर्ग ०–१०, १०–२०, २०–३०, ३०–४०, ४०–५० आणि वारंवारता ४, ८, १४, १०, ४ असेल तर मध्यकवर्ग २०–३० आणि उत्तर २५.७१. चुकून १२ ऐवजी २६ घातले तर १५.७१ येतं, जे मध्यकवर्गाच्या बाहेर आहे. उत्तर स्वतःच्या वर्गात बसतं का, एवढं पाहिलं तरी ही चूक पकडता येते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

भंवरकुआच्या क्लासेसच्या पाट्यांवर ९९ हा आकडा इतक्या वेळा रंगवलेला असतो की पालकांना ते गुण वाटतात. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेचा पर्सेंटाइल असा निघतो : त्याच सत्रात तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे किती, भागिले त्या सत्रात बसलेले एकूण, गुणिले १००. किती उत्तरं बरोबर आली हे त्यात कुठेच नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचं उदाहरण डोळे उघडणारं आहे : २०२३ मध्ये खुल्या वर्गाचा पात्रतेचा ५०वा पर्सेंटाइल ७२० पैकी १३७ गुणांवर होता, म्हणजे जेमतेम १९ टक्के.

तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल सांगणं ही दुसरी नेहमीची चूक. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून नव्याने निघतो. तिन्ही विषयांत ९० असलेल्या मुलाचा एकूण बहुतेक वेळा ९० च्या वर जातो, कारण तिन्हीकडे सारखे चांगले असणारे कमी असतात.

क्रमांकाचा अंदाज हवा असेल तर १०० मधून पर्सेंटाइल वजा करा, १०० ने भागा, परीक्षार्थींच्या संख्येने गुणा. १० लाख मुलांत ९८.५ म्हणजे सुमारे १५,००० वा क्रमांक. इथे अर्धा पर्सेंटाइल ५,००० मुलांचा असतो, म्हणून दशांश खोडू नका. जेईई मेन घेणारी संस्था, एनटीए, सात दशांश स्थळं देते ती उगाच नाही. शिवाय मधल्या भागात मुलं दाटीने असतात, तिथे चार-पाच गुणांत पर्सेंटाइल भराभर चढतो. वरच्या टोकाला तेवढ्याच वाढीसाठी कितीतरी जास्त गुण लागतात. '८० वरून ९० झाला, आता ९९ काय लांब' हा हिशेब तिथे फसतो.

२० मुलांच्या शिकवणीत पर्सेंटाइल काढूच नका. एक मूल म्हणजे पाच पर्सेंटाइल. शिवाय 'इतके किंवा कमी' धरलं तर पहिला मुलगा १०० वर, 'फक्त कमी' धरलं तर तोच ९५ वर. सरळ 'वीसात तिसरा' म्हणा.

बाळाच्या वाढीच्या तक्त्यातही पर्सेंटाइलच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर ३, १५, ५०, ८५ आणि ९७ अशा रेषा असतात. १५ व्या रेषेवरचं बाळ 'नापास' नाही. त्या वयाच्या शंभरांतली साधारण पंधरा बाळं त्याच्या खाली आहेत, एवढंच. एका भेटीतल्या ठिपक्यावरून आजीने दुधात तूप वाढवायची घाई करू नये. दर भेटीचे ठिपके जोडा. ते १५ च्या रेषेला धरून वर चढत असतील तर चाल ठीक आहे. ५० वरून १५ आणि तिथून ३ अशा रेषा ओलांडत खाली येत असतील तर तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, मग सुरुवातीचा ठिपका कितीही वर असो.