फ्लॅट दाखवण्याआधी मांजराच्या मुताचा वास असा घालवला

घरच्यांच्या नाकाला सवय झालेली असते. गिऱ्हाईकाला मात्र वास दारातच येतो. फिनेलने तो फक्त झाकला जातो. मुतातल्या युरिक आम्लाचे खडे पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, म्हणून हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो.

आधी जागा शोधा. रात्री दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारली की डाग पिवळट-हिरवे चमकतात. दाराच्या चौकटी, सोफ्याची मागची बाजू, बाल्कनीचा कोपरा बघा. बोका उभ्याने फवारतो, त्यामुळे भिंतही दीड-दोन वीत उंचीपर्यंत तपासा.

एन्झाइम क्लीनर (मुताचे घटक मोडणारं द्रव) नुसतं पुसू नका, ओता. मूत जितकं खोल मुरलंय तितकं ते मुरलं पाहिजे. वर प्लॅस्टिक अंथरून रात्रभर ओलं ठेवा. लवकर सुकलं तर काम अर्धवट राहतं. व्हिट्रिफाइड टाइल मूत शोषत नाही, पण सांध्यातलं पांढरं सिमेंट शोषतं. दोनदा करूनही वास आला तर सांधा खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचं, न शोषणारं मिश्रण) भरा. सगळ्यात वेळखाऊ काम हेच, आणि गुण येतो तोही यानेच. मार्बलवर व्हिनेगर नको, पॉलिश मरतं. ब्लीच तर कुठेच नको. मुतातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो.

दाखवायच्या दिवशी मांजर कॅरियरमध्ये शेजारी, तिचा शी-शूचा ट्रे घराबाहेर. एजंटला निदान तासभर आधी फोन करायला सांगा. आणि रूम फ्रेशनर नकोच, लोकांना लगेच संशय येतो.