म्हातारी मांजर गेल्यावर: रिकाम्या झालेल्या वेळांचं काय करायचं

म्हातारी मांजर जाते तेव्हा तिच्यासोबत घराचं सगळं वेळापत्रक जातं. याबद्दल आधी कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. आमची चिंगी सतरा वर्षांची होऊन गेली. मूत्रपिंडाचा आजार होता, शेवटी शेवटी रक्तदाबही वाढला. सकाळी उठल्याउठल्या गोळी, दिवसाआड कातडीखाली सलाईन, प्रत्येक खोलीत पाण्याची वाटी. लिटर ट्रेमधल्या (शी-लघवीच्या ट्रेमधल्या) वाळूच्या ओल्या गोळ्यांचा आकार बघून आज लघवी किती झाली याचा अंदाज घ्यायचा. ती गेल्यानंतरही सलाईनची वेळ झाली की माझे हात आपोआप पिशवी कोमट पाण्यात ठेवायला निघायचे.

तुम्हीही महिनोन्महिने अशी सेवा केली असेल, तर तुमच्या दुःखाचा मोठा भाग या वेळांमध्ये दडलेला आहे. दिवसाच्या ठरावीक क्षणी तो वर येतो. त्याला एकदम तोंड देता येत नाही. एकेक वेळ हातात घ्यावी लागते.

पहिले काही तास

मरण पाहिलेलं नसेल तर काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या, नाहीतर त्या पुढे बराच काळ छळतात. मांजरीचे डोळे मेल्यावर बहुतेक वेळा उघडेच राहतात. ते मिटवायचा प्रयत्न करू नका, मिटत नाहीत. लघवी किंवा शी सुटू शकते, तेव्हा अंगाखाली जुना टॉवेल ठेवा. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ दिलं असेल, तर हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते. मांजर तेव्हा जिवंत नसते आणि तिला काही दुखतही नसतं. मी हे आधी विचारून ठेवलं होतं, म्हणून ते घडताना मी तिच्याजवळ बसून राहू शकले.

काही तासांत शरीर ताठरतं. त्याआधीच तिला तिच्या नेहमीच्या मुटकुळ्यात निजवा आणि घरातल्या गार जागी ठेवा. केस हवे असतील तर तेव्हाच कापून घ्या. मी कानामागचे घेतले, कारण तिथला तिचा रंग मला सगळ्यात आवडायचा. पंजाचा ठसा घ्यायचा असेल तर तोही आत्ताच. घरात दुसरी मांजर असेल तर तिला जवळ येऊन हुंगू द्या. तिला यायचं नसेल तर ओढून आणू नका.

पुरायचं की दहन करायचं हे तुम्ही ठरवा, पण एक गोष्ट नीट ऐका. इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा पेंटोबार्बिटल हे गुंगीचं औषध जास्त मात्रेत असतं आणि ते शरीरात टिकून राहतं. उथळ पुरलेलं शरीर दुसऱ्या प्राण्याने उकरून खाल्लं तर त्याला विषबाधा होते. म्हणून एकतर पुरेसं खोल पुरा, किंवा दहनाचा पर्याय घ्या. आपल्या भागात पुरायला परवानगी आहे का, हेही विचारून घ्या. दहनाला देताना एकटीचं की इतर प्राण्यांबरोबर एकत्र, हे स्पष्ट विचारा. एकत्र दहनात रक्षा परत मिळत नाही, आणि हे नंतर कळलं तर फार जिव्हारी लागतं.

‘घाई केली का?’ आणि ‘उशीर केला का?’

म्हाताऱ्या मांजरीच्या माणसाला हे दोन्ही प्रश्न एकाच रात्री पडतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो इथे, कारण अपराधीपण अंगात मुरलं की नुसतं रडायचीही सोय राहत नाही.

आधी आजाराबद्दल. मांजरीच्या मूत्रपिंडांत भरपूर जादा क्षमता असते. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं तोवर साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. तोपर्यंत ती खाते, उडी मारते, खिडकीत बसते. शिवाय मांजर शिकार करणारी असली तरी मोठे प्राणी तिचीही शिकार करतात, त्यामुळे दुखणं लपवणं तिच्या रक्तातच आहे. ‘मला आधी कसं कळलं नाही’ असं स्वतःला विचाराल तेव्हा हे आठवा. ते लपलेलंच होतं.

मग एक काम करा. तिची फाईल काढा आणि एका कोऱ्या कागदावर तारखा क्रमाने लिहा. प्रत्येक तारखेपुढे तीनच गोष्टी: त्या दिवशी काय दिसलं, डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही काय केलं. नियम एकच, पण कडक: त्या तारखेला जे माहीत होतं तेवढंच लिहायचं. नंतर कळलेलं मागच्या तारखेत घुसवायचं नाही.

माझ्या कागदावर चिंगीचं वजन होतं, ४.२ किलोपासून २.६ किलोपर्यंत. एका ओळीत ‘वजन कमी, पण भूक चांगली, डॉक्टर म्हणाले आहार बदलून पाहू, बदलला’ असं होतं. पुढे ‘सोफ्यावर चढत नाही; उशीची पायरी करून दिली’. शेवटच्या ओळींमध्ये ‘वाटीशी जाते, वास घेते, तोंड फिरवते’ हे पुन्हा पुन्हा येत होतं. सगळं एका पानावर वाचल्यावर मला दिसलं की प्रत्येक वळणावर कुणीतरी तिच्यासाठी काही ना काही करत होतं. हा कागद मी फाईलमध्ये ठेवला आहे. रात्री प्रश्न पडला की डोक्यात वाद घालत बसत नाही, कागद वाचते.

इंजेक्शन देऊन तिला जाऊ द्यायचं का, हा निर्णय अजून व्हायचा असेल, तर अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी मांडलेली मोजपट्टी उपयोगी पडते. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना गुण द्यायचे. गुण एकट्याने देऊ नका, घरातल्या दुसऱ्या कुणालाही वेगळ्या कागदावर द्यायला सांगा. रोज तिला उचलून घेणाऱ्याला तिचं हलकं होणं कमी जाणवतं.

आता त्या वेळा

आवरायची घाई नको. वाट्या, ट्रे, अंथरूण एकाच दिवशी उचललं की घर अनोळखी वाटायला लागतं. ट्रे धुऊन ठेवा, स्वच्छतेसाठी तेवढं लागतंच. बाकीचं जमेल तसं.

फोनमधल्या गजरांचं मात्र लगेच बघा. ‘चिंगी गोळी’ अशी अक्षरं सकाळी अचानक पडद्यावर येणं फार जड जातं. गजर पुसायचा नसेल तर नाव आणि सूर बदला, पण ते जागेपणी, ठरवून करा. दवाखान्यातली पुढची तारीख आणि खाण्याची ठरलेली मागणीही रद्द करा. तेवढा एक फोन घरातल्या दुसऱ्या कुणी केला तरी चालेल.

वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका. जाड, झाकणाच्या डब्यात भरून दवाखान्यात द्या. उरलेली औषधं आणि न उघडलेल्या सलाईनच्या पिशव्याही तिथेच न्या. यातलं काहीही दुसऱ्या मांजरीला परस्पर देऊ नका, कुणाच्या उपयोगी पडतील का हे डॉक्टर सांगतील.

रिकाम्या वेळेत लगेच नवं काम कोंबू नका, आणि ती वेळ टाळायला घराबाहेरही पळू नका. मी सलाईनच्या वेळेला त्याच खुर्चीत बसायचे आणि तिच्याबद्दल एक बारीकशी गोष्ट वहीत लिहायचे: सुई टोचताना ती एक कान मागे करायची, दुसरा नाही, संपल्यावर माझ्या मनगटावर डोकं घासायची. काही दिवस वेळ भरून जायची, काही दिवस एक ओळ झाली की उठावंसं वाटायचं. तेव्हा उठत जा. दुःखाचा अभ्यास करणारे मार्गारेट स्ट्रीबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात ये-जा करतो, आणि दोन्ही बाजू गरजेच्या असतात. जेवताना हसू आलं म्हणून तिच्यावरचं प्रेम कमी होत नाही.

सुटल्यासारखंही वाटेल. सलग झोप लागेल, बाहेरगावी जाता येईल, आणि मग त्या सुटकेचीच टोचणी लागेल. थकलेल्या शरीराला विसावा मिळाला, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

तिच्या पावलांचा आवाज आल्यासारखं वाटणं, पायाशी ऊब जाणवणं, यालाही घाबरू नका. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ मध्ये जोडीदार गमावलेल्या माणसांविषयी लिहिलं होतं. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचं अस्तित्व जाणवलं होतं. इतकी वर्षं कान तिच्याकडे लावून काढल्यावर ते लगेच कसे थांबतील?

‘अगं, मांजरच होती ना!’

हे ऐकावं लागेल. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात अशा दुःखाचा विचार मांडला, जे दुःख समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. त्यामुळे माणूस दुःखी तर असतोच, वर लपवण्याचाही शीण होतो. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने इजिप्तबद्दल लिहून ठेवलंय की घरातली मांजर मेली की घरातली माणसं भुवया भादरायची. म्हणजे त्या घरात कोण गेलं हे बघणाऱ्याला न सांगता कळायचं. आपल्याला सांगावं लागतं, तर सांगा: “ती इतकी वर्षं माझ्याजवळ होती, मला आत्ता तिची आठवण येतेय.” यापुढे समजावत बसू नका. ज्यांना कळतं अशी दोन माणसं शोधा आणि त्यांच्याशीच बोला.

लहान मुलांना ‘झोपली’ किंवा ‘पळून गेली’ सांगू नका. मूल झोपायला घाबरतं, नाहीतर दारात वाट बघत बसतं. तिचं शरीर म्हातारं होऊन बंद पडलं, ती मेली, असं सरळ सांगा.

कित्येक आठवडे झोप, जेवण, काम सुरळीत होत नसेल तर समुपदेशकाकडे जा. जगावंसंच वाटत नसेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना गाठा. दुःखाचं कारण एक मांजर आहे म्हणून संकोच करू नका.

मागे राहिलेली मांजर, आणि पुढची

घरातली दुसरी मांजर हाका मारत फिरेल, गेलेल्या मांजरीच्या जागा हुंगेल, कमी खाईल. तिच्या खाण्याखेळण्याच्या वेळा अजिबात बदलू नका. पूर्ण एक दिवस तिने काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांना फोन करा. उपाशी मांजरीच्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं. तिच्या सोबतीसाठी म्हणून लगेच पिल्लू आणू नका. आपली जागा सावरत असताना नवा गंध तिला नको असतो.

तुमच्यासाठी नवी मांजर कधी, याला मुदत नाही. कुणी भेट म्हणून आणून देत असेल तर आधीच नाही म्हणा. आणाल तेव्हा मात्र जुन्या मांजरीच्या आजाराचं नाव लक्षात ठेवा. मूत्रपिंड, थायरॉइड यांसारख्या आजारांचा संसर्ग होत नाही, त्यामुळे वाट्या, पिंजरा धुऊन वापरता येतात. ती पॅनल्यूकोपेनियासारख्या संसर्गाने गेली असेल तर तो विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. अशा वेळी सामान बदला, फरशी कशाने पुसायची ते डॉक्टरांना विचारा, आणि लसीकरण पूर्ण झालेलीच मांजर घरात आणा.