हळू पण घणाघाती पोकेमॉन वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

अर्सालूनाचा बेस अटॅक १४० आहे आणि बेस स्पीड ५०. टॉरकोलचा स्पीड तर अवघा २०. ‘स्कार्लेट-व्हायोलेट’ या पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या डबल्समध्ये (दोन विरुद्ध दोन लढतींत) मोठ्या हौसेने असे पोकेमॉन टीममध्ये घेतले जातात आणि चार लढती हरल्यावर “हा मारायच्या आधीच मरतो” म्हणत पुन्हा बॉक्समध्ये जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण नीट वापरला तर एकटा अर्सालूना समोरची अर्धी टीम संपवू शकतो. हळू अटॅकरचा हिशोब एकाच आकड्यात करावा: अख्ख्या लढतीत त्याला किती वार करायला मिळाले? तीन मिळाले तर त्याने काम केलं. एकच मिळाला तर गडबड बहुतेक खाली दिलेल्यांपैकी कुठेतरी झालेली असते.

स्पीड “सुधारायला” जाणं

नवा खेळाडू सर्वांत आधी हेच करतो. अर्सालूना हळू आहे ना, मग २५२ ईव्ही (सरावातून मिळणारे वाढीचे गुण) स्पीडमध्ये टाकू. लेव्हल ५० वर याचं गणित करून पाहा. ३१ आयव्ही (जन्मजात गुण, ० ते ३१), साधा नेचर (स्पीडवर परिणाम न करणारा स्वभाव) आणि शून्य ईव्ही असताना त्याचा स्पीड ७० असतो. पूर्ण २५२ ईव्ही ओतल्यावर तो १०२ होतो. ८० बेस स्पीडचा पोकेमॉन स्पीडमध्ये एकही ईव्ही न टाकता १०० वर असतो. म्हणजे एवढा खर्च करून तुम्ही जेमतेम त्याच्या पुढे गेलात, आणि खरे धोकादायक पोकेमॉन अजून खूप लांब आहेत. वर स्पीड दीडपट करणारा चॉईस स्कार्फ दिला तर १५३ होतात. अटॅक वाढवणारा नेचर असलेला, पण स्पीडमध्ये पूर्ण ईव्ही घातलेला साधा गारचॉम्प १५४ वर असतो. स्कार्फ गेला, ईव्ही गेले, एकाच मूव्हमध्ये अडकलात आणि तरीही मागेच.

तेच २५२ ईव्ही एचपीत घाला. २०५ चे २३७ होतात. एक जादा फटका सोसला की एक जादा वार मिळतो. उरलेले अटॅकमध्ये टाकून अटॅक वाढवणारा अ‍ॅडमंट नेचर घेतला तर अटॅक २११ वर पोहोचतो.

पण स्पीड शून्यावर न्यायचा की नाही, हे न ठरवणं

टीम पूर्णपणे ट्रिक रूमवर (काही टर्न हळू पोकेमॉनला आधी मारू देणारा मूव्ह) उभी असेल तर स्पीड कमी करणारा ब्रेव्ह नेचर आणि शून्य स्पीड आयव्ही घ्या. अर्सालूना ४९ वर येतो. समोरही अर्सालूना असेल आणि तो ४९ वर, तुमचा मात्र ब्रेव्ह असूनही ३१ आयव्हीमुळे ६३ वर राहिला, तर ट्रिक रूममध्ये आधी तो मारतो. मिंट वापरून नेचरचा परिणाम बदलता येतो, बॉटल कॅपने आयव्ही वाढवता येतो, पण कमी करता येत नाही. त्यामुळे कमी आयव्हीचा पोकेमॉन ब्रीडिंगने मिळवावा लागतो. ज्या पालकाचा स्पीड आयव्ही शून्य आहे त्याला पॉवर अँकलेट धरायला दिलं की तो आयव्ही पिल्लाकडे जातो.

याउलट टीममध्ये टेलविंडही (आपल्या बाजूचा स्पीड काही टर्न दुप्पट करणारा मूव्ह) असेल आणि ट्रिक रूम फक्त काही लढतींत लावणार असाल, तर स्पीड मुद्दाम पाडू नका. ट्रिक रूम नसताना हळू पोकेमॉनमध्येही आपसात शर्यत असतेच. ७० वर असलेला अर्सालूना ५० वर असलेल्या अमूंगसच्या आधी मारतो, ४९ वर असेल तर अमूंगस त्याला आधी झोपवतो.

ट्रिक रूमचे टर्न चुकीचे मोजणं

या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर बोलू.

ट्रिक रूम पाच टर्न चालतो, पण ज्या टर्नला लावला तो त्यातच धरलेला असतो. मूव्हची प्रायोरिटी उणे ७, म्हणजे त्या टर्नच्या अगदी शेवटी तो लागतो. उरले चार टर्न. डबल्समध्ये अर्सालूना पहिल्यापासून सेटरच्या (ट्रिक रूम लावणाऱ्या पोकेमॉनच्या) शेजारी उभा असेल तरच हे चारही त्याच्या वाट्याला येतात. सेटर पडल्यावर किंवा सेटरच्या जागी स्विच करून त्याला आणलंत तर त्यातला एक गेलाच.

अनुभवी खेळाडू हे चार टर्न खाऊन टाकायला पाहतात. ते एका टर्नला एकाने प्रोटेक्ट (त्या टर्नचे वार अडवणारा मूव्ह) करतात, दुसऱ्या टर्नला दुसऱ्याने, मध्येच कुणाला तरी स्विच करतात. समोरचा प्रोटेक्ट करणार हे दिसत असतानाही सगळ्यांत घाबरवणाऱ्या पोकेमॉनवरच दोन्ही वार करायचे, ही इथली नेहमीची चूक. मागच्या टर्नला ज्याने प्रोटेक्ट केलं त्याचा पुढच्या टर्नला तो यशस्वी व्हायची शक्यता फार कमी असते. त्याच्यावर वार करा. आणि पहिल्या टर्नला दोघांत वार वाटून द्या, म्हणजे निदान एक तरी लागतो.

टॉरकोल मला म्हणूनच आवडतो. त्याचा इरप्शन समोरच्या दोघांनाही लागतो, त्यामुळे एकाच्या प्रोटेक्टने टर्न वाया जात नाही. पण इरप्शनची ताकद उरलेल्या एचपीवर ठरते. पूर्ण एचपीला १५०, अर्ध्यावर ७५. साधारण ६३ टक्क्यांच्या खाली गेलात की ९५ ताकदीचा हीट वेव्ह जास्त मारतो, फक्त तो कधीमधी चुकतो. जखमी टॉरकोलने इरप्शन दाबत राहणारे खूप दिसतात. डॅमेज कुठे गेलं, असा प्रश्न पडला तर आधी एचपीकडे बघा.

सेटरने घाईत दुसऱ्यांदा ट्रिक रूम टाकला तर चालू असलेला रद्द होतो. चौथ्या-पाचव्या टर्नला हे हमखास घडतं: संपत आलाय म्हणून नूतनीकरण करायला जातात आणि उरलेला टर्न स्वतःच घालवतात. तो पूर्ण संपू द्या, मग लावा. संपल्यानंतरच्या पहिल्या टर्नला अर्सालूनाने प्रोटेक्ट करावं आणि सेटरने पुन्हा ट्रिक रूम लावावा, हा सर्वांत साधा मार्ग आहे. त्यासाठी सेटर जिवंत असायला हवा, हे पहिल्या टर्नपासून लक्षात ठेवावं लागतं.

सेटरला एकटं सोडणं

ट्रिक रूम टर्नच्या शेवटी लागत असल्यामुळे समोरच्या दोघांना सेटरवर तुटून पडायला पूर्ण वेळ मिळतो. मोठ्या स्पर्धांत तुमच्या टीमचे मूव्ह आणि आयटम समोरच्याला आधीच दिसतात. तो टॉन्ट (फक्त वार करणारे मूव्हच करू देणारा) किंवा फेक आउट (आधी लागून समोरच्याचा टर्न घालवणारा) घेऊनच येणार.

फरिगिराफ इथे फार उपयोगी पडतो. त्याची आर्मर टेल ॲबिलिटी समोरच्यांच्या प्रायोरिटी मूव्ह (स्पीड न बघता आधी लागणारे मूव्ह) त्याच्यावर आणि शेजारच्यावरही चालू देत नाही. फेक आउट बंद, आणि व्हिम्सिकॉटचा प्रँक्स्टर ॲबिलिटीमुळे आधी लागणारा टॉन्टही बंद. साधा टॉन्ट मात्र लागतो, त्यासाठी टॉन्ट उतरवणारा मेंटल हर्ब. हॅटरीनचा मॅजिक बाउन्स टॉन्ट उलटवून लावतो, पण फेक आउट थांबवत नाही. मादी इंडीडीच्या सायकिक टेरेनमध्ये जमिनीवरच्या कुणावरच प्रायोरिटी मूव्ह चालत नाहीत, शिवाय ती फॉलो मी करून वार स्वतःवर घेते. फक्त तिच्या शेजारी आयर्न हँड्स ठेवून त्याच्या फेक आउटवर योजना आखू नका. ज्यांना तो मारायचा तेही त्याच टेरेनवर उभे असतात. आणि समोरून रिलाबूम आला की त्याचा ग्रासी टेरेन तुमचा टेरेन पुसून टाकतो. अर्सालूनाच्या अर्थक्वेकची ताकदही त्यात अर्धी होते. हेडलाँग रशला हा नियम लागू नाही, म्हणून मी तोच घ्यायला सांगेन, जरी त्याने स्वतःचे दोन्ही डिफेन्स उतरत असले तरी.

फ्लेम ऑर्ब पेटायच्या आधी मारायला जाणं

गट्स ॲबिलिटी, फ्लेम ऑर्ब (धरणाऱ्यालाच भाजणारा आयटम) आणि फसाड ही अर्सालूनाची प्रसिद्ध जोडणी. भाजलेल्या अवस्थेत फसाडची ताकद ७० वरून १४० होते, गट्समुळे अटॅक दीडपट, आणि नॉर्मल टाईप स्वतःचाच असल्याने आणखी दीडपट. तिन्हींचा गुणाकार ३१५ येतो. एवढा मोठा फटका सहज सोसणारे फार थोडे.

मात्र ऑर्ब टर्नच्या शेवटी पेटतो. पहिल्या टर्नला फसाड मारलात तर तो साध्या ७० चा असतो. त्या टर्नला अर्सालूनाने प्रोटेक्ट करावं आणि शेजाऱ्याने ट्रिक रूम लावावा. दुसऱ्या टर्नला दोन्ही गोष्टी तयार असतात. (समोर अर्शिफू असेल तर सावध राहा, त्याचे स्पर्शाचे मूव्ह प्रोटेक्ट भेदतात.) भाजलेल्या पोकेमॉनला झोपवता येत नाही, हा मोठा फायदा आहे, पण तोही पहिला टर्न संपल्यावरच. तोवर झोपवणारा स्पोअर लागला तर ऑर्ब पेटतच नाही. आयटम पाडणाऱ्या नॉक ऑफचंही तसंच: पेटण्यापूर्वी ऑर्ब गेला तर खेळ बिघडला, नंतर गेला तर काही फरक पडत नाही.

भाजल्यामुळे दर टर्नला एचपीचा सोळावा हिस्सा जातो, म्हणजे २३७ मधले १४. चार टर्नमध्ये ५६. म्हणून अर्सालूनाला “नंतर लागेल” म्हणून मैदानात नुसता उभा ठेवणं महागात पडतं.

इन्सिनरोरचा इन्टिमिडेट (समोरच्यांचा अटॅक उतरवणारी ॲबिलिटी) गट्स रोखत नाही. अटॅक दोनतृतीयांशावर येतो. इन्टिमिडेट फक्त इन्सिनरोर मैदानात येताना लागतो, त्यामुळे तो आधीच समोर उभा असताना अर्सालूना आणणं बरं. अटॅक उतरल्यावर लगेच स्विच करायचा मोह होतो, पण ट्रिक रूम चालू असेल तर थांबून मारलेलंच परवडतं. दोनतृतीयांश ताकदीचा वार हा न केलेल्या वारापेक्षा केव्हाही चांगला.

ट्रिक रूममध्ये जुन्या सवयी न सोडणं

आइसी विंड, इलेक्ट्रोवेब, थंडर वेव्ह हे एरवीचे भरवशाचे मूव्ह ट्रिक रूममध्ये समोरच्याला मदत करतात. तुम्ही त्याचा स्पीड कमी केलात म्हणजे त्याला रांगेत पुढे आणलंत. याच्या उलट, समोरच्याने टेलविंड लावला असेल तर घाबरायचं कारण नाही, तो आणखी मागे गेला.

प्रायोरिटी मूव्हला ट्रिक रूमचं सोयरसुतक नसतं. अ‍ॅक्वा जेट, माक पंच, सकर पंच आधीच लागतात. अर्सालूना फायटिंग आणि वॉटर दोन्हींपुढे कमकुवत असल्याने जखमी अर्सालूनाला अर्शिफूचा अ‍ॅक्वा जेट संपवून टाकतो. टेरा घोस्ट (लढतीत टाईप बदलून घोस्ट होणं) घेतला तर फायटिंगचे वार लागतच नाहीत, फसाडचा नॉर्मल बोनसही टिकतो, आणि पाण्यापुढचा कमकुवतपणाही जातो, पाण्याचे वार साधेच लागतात.

हळूपणाचा एक फायदा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. लढतीच्या सुरुवातीला तुमचा टॉरकोल आणि समोरचा पेलिपर एकदम उतरले तर ॲबिलिटी आधी वेगवान पेलिपरची (पाऊस आणणारी) लागते, मग टॉरकोलची (ऊन आणणारी). शेवटी आकाशात ऊनच राहतं. पावसाच्या टीमविरुद्ध टॉरकोल सुरुवातीलाच उतरवायला कचरू नका.

सिंगल्समध्ये डबल्सचीच योजना चालवणं

सिंगल्समध्ये पहिला टर्न ट्रिक रूम लावण्यात जातो, दुसरा स्विच करण्यात, आणि आत येणारा अटॅकर त्या टर्नचा फटकाही खातो. हाती राहतात तीन वार. समोरच्याने दोनदा स्विच करून टर्न घालवले की एक. माझं मत स्पष्ट आहे: सिंगल्समध्ये रायपेरियरसारख्या अटॅकरसाठी ट्रिक रूमपेक्षा हळू पिव्हट (मूव्ह करून स्वतः बाहेर पडणारा आणि दुसऱ्याला आत आणणारा) जास्त भरवशाचा. स्लोकिंगने चिली रिसेप्शन वापरला की समोरचा आधी स्लोकिंगला मारून घेतो, मग स्लोकिंग परततो आणि अटॅकर एकही ओरखडा न पडता उतरतो. पुढच्या टर्नला समोरच्याने एक तर माघार घ्यायची, नाही तर मार खायचा.

हे दोन्ही मार्ग एकत्र केले तर मात्र फसगत होते. ट्रिक रूम चालू असताना तोच स्लोकिंग सर्वांत आधी हालचाल करतो, त्यामुळे तो आधीच निघून जातो आणि त्याच्यासाठी आलेला वार नुकत्याच उतरलेल्या रायपेरियरला बसतो. तो वार पाण्याचा किंवा ग्रासचा असेल तर चौपट लागतो. ट्रिक रूममध्ये स्लोकिंगलाच लढू द्या किंवा पडू द्या. तो पडल्यावर रायपेरियर फुकटात आत येतो.