अमेरिकेत पोस्ट ऑफिसमधली पेटी भाड्याने घेताना

नोकरी किंवा शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाचा पत्ता सुरुवातीच्या वर्षांत वारंवार बदलतो. लीज संपले की अपार्टमेंट बदलते, प्रोजेक्ट बदलला की गावच बदलते, आणि बँकेचे नवे कार्ड, गाडीच्या विम्याचे कागद, बहिणीने पाठवलेली राखी हे सारे जुन्या दाराशी जाऊन पडते. यावरचा जुना आणि बऱ्यापैकी स्वस्त उपाय म्हणजे तिथल्या टपाल खात्याची, म्हणजे यूएसपीएसची, पोस्ट ऑफिसच्या इमारतीतली कुलपाची पेटी भाड्याने घेणे. तिला सर्रास पीओ बॉक्स म्हणतात. मात्र अर्ज भरण्याआधी आपल्याकडे नेमके काय येते आणि ते कोण आणून देते याचा विचार करावा, कारण पेटी घेतल्यानंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

साध्या पीओ बॉक्समध्ये फक्त यूएसपीएसमार्फत आलेले टपाल पडते. यूपीएस, फेडेक्स आणि डीएचएल या खाजगी कंपन्या पेटीच्या पत्त्यावर सामान पोहोचवू शकत नाहीत. भारतातून येणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो. घरच्यांनी भारतीय टपाल खात्याच्या आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टने पाकीट पाठवले, तर अमेरिकेत ते यूएसपीएसच्याच हाती येते आणि पीओ बॉक्सपर्यंत पोहोचते. पण पुण्या-ठाण्यातल्या, दिवाळीचा फराळ परदेशी पाठवून देणाऱ्या कुरिअरवाल्यांकडून गेलेला खोका बहुधा पुढे एखाद्या खाजगी कंपनीच्या स्वाधीन होतो आणि त्या कंपनीला रस्ता व घरक्रमांक असलेला पत्ताच लागतो. म्हणून अमेरिकेत सामान शेवटी कोणती कंपनी पोहोचवणार आहे, हे बुकिंग करतानाच विचारून घ्यायला आईवडिलांना सांगावे. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने कमी किमतीच्या मालावरची जकातमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला अमेरिकेसाठीच्या पार्सलांचे बुकिंग काही आठवडे थांबवावे लागले होते. त्यामुळे जकातीचे सध्याचे नियम काय आहेत, हेही बुकिंगच्या खिडकीवरच विचारलेले बरे.

खाजगी कंपन्यांचे सामानही त्याच ठिकाणी यावे असे वाटत असेल, तर काही पोस्ट ऑफिसांत एक जादा सोय मिळते. तिच्यात पोस्ट ऑफिसच्या इमारतीचा रस्त्याचा पत्ता आणि त्यापुढे आपल्या पेटीचा क्रमांक असा पत्ता वापरता येतो आणि यूपीएस, फेडेक्सची पार्सले पोस्टाचे कर्मचारी आपल्या वतीने उतरवून घेतात. ही सोय सर्वत्र नाही आणि तिच्यासाठी वेगळ्या करारावर सही करावी लागते. म्हणून घराजवळच्या दोन-तीन पोस्ट ऑफिसांपैकी कुठे ती आहे, हे आधी पाहावे. माझ्या मते पार्सले मागवणाऱ्या माणसाने अगदी जवळचे पोस्ट ऑफिस सोडून मैलभर लांबचे, पण ही सोय असलेले निवडणे अधिक शहाणपणाचे. भाडेही ठिकाणानुसार बदलते आणि मोठ्या शहराच्या मध्यवर्ती भागात ते बरेच जास्त असते. इमारतीच्या वेळाही विचाराव्यात, कारण काही ठिकाणी पेट्यांचे दालन रात्रंदिवस उघडे असते, तर काही ठिकाणी संध्याकाळी बंद होते आणि उशिरा घरी येणाऱ्याला केवळ शनिवारचाच आधार उरतो.

पेट्यांचे पाच आकार असतात. सर्वांत लहान पेटीचे तोंड सुमारे ३ बाय साडेपाच इंच असते. तिच्यात दहा-पंधरा पत्रे मावतात, पण जाडसर मासिक घडी घातल्याशिवाय जात नाही. ११ बाय साडेपाच इंचांची मधली पेटी एका कुटुंबाला सहसा पुरते, तर सर्वांत मोठीचे तोंड सुमारे १२ बाय साडेबावीस इंचांचे असते. पार्सले येणार म्हणून मोठी पेटी घेण्याची मात्र गरज नाही. पार्सल पेटीत मावले नाही, तर ते त्याच दालनातल्या मोठ्या लॉकरमध्ये ठेवून लॉकरची किल्ली तुमच्या पेटीत टाकली जाते, किंवा पेटीत चिठ्ठी ठेवली जाते आणि ती दाखवून खिडकीवरून पार्सल घेता येते. न्यायला कोणी आले नाही, तर साधारण १५ दिवसांनी ते पाठवणाऱ्याकडे परत जाते. याउलट, पत्रांनीच पेटी सतत ओसंडू लागली, म्हणजे कामाच्या सलग २० दिवसांपैकी १२ दिवस टपाल पेटीत मावले नाही, तर पोस्टमास्तर मोठी पेटी घ्यायला सांगू शकतात.

पेटी यूएसपीएसच्या संकेतस्थळावर राखून ठेवता येते किंवा थेट खिडकीवर जाऊन मागता येते. ऑनलाइन राखली तरी कागदपत्रे घेऊन एकदा जावेच लागते, आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत मिळते. १०९३ क्रमांकाचा फॉर्म भरून सोबत ओळखीचे दोन पुरावे दाखवायचे असतात. त्यांपैकी एक छायाचित्र असलेला हवा. त्यासाठी भारतीय पासपोर्ट किंवा अमेरिकेतल्या राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स चालते. दुसऱ्याने तुमचा राहता पत्ता सिद्ध व्हायला हवा. घराचे चालू लीज, गाडीची नोंदणी किंवा विम्याची पॉलिसी त्यासाठी पुरेशी ठरते. सोशल सिक्युरिटी कार्ड, क्रेडिट कार्ड आणि जन्मदाखला स्वीकारला जात नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचे नाव बहुधा लीजवर नसते, कारण खोली दुसऱ्याच्या नावावर असते. अशा वेळी घरमालकाकडून लीजमध्ये नाव घालून घ्यावे आणि मगच पोस्टात जावे. तोवर टपाल कुठे मागवायचे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी बऱ्याच पोस्ट ऑफिसांत जनरल डिलिव्हरी ही मोफत सोय असते. पत्रावर नाव, ‘जनरल डिलिव्हरी’ हे शब्द, गाव आणि झिप कोड (तिथला पिन कोड) एवढेच लिहायचे आणि पासपोर्ट दाखवून टपाल ताब्यात घ्यायचे.

फॉर्मवर नावे भरताना घाई करू नये. त्या पेटीत ज्यांचे टपाल येणार त्या सर्व प्रौढ व्यक्तींची नावे तिथे नोंदवायची असतात आणि त्यांचेही ओळखपत्र मागितले जाऊ शकते. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे असते. लग्नानंतर एखादीचे बँक खाते माहेरच्या आडनावाने आणि विमा सासरच्या आडनावाने असतो. आणि आजी पाकिटावर अजूनही ‘चि. सौ.’ लिहूनच पुढे जाते. ज्या ज्या रूपात नाव येऊ शकते, ती रूपे खिडकीवरच सांगून ठेवावीत. सहा महिन्यांसाठी राहायला आलेल्या सासूसासऱ्यांची नावेही वेळेवर जोडून घ्यावीत.

भाडे आगाऊ, तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे भरता येते. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था केलेली बरी. मुदत उलटून गेल्यावर पेटी फार दिवस उघडी राहत नाही. ती बंद झाली की येणारे टपाल पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि पुन्हा चालू करायला दंड पडतो. पेटीसोबत दोन किल्ल्या मिळतात. त्यांची अनामत द्यावी लागते आणि ती किल्ल्या परत केल्यावर मिळते. किल्लीची नक्कल बाहेरच्या दुकानातून करून घेण्यास मनाई आहे. जास्तीची हवी असल्यास ती पोस्टातूनच विकत घ्यायची.

पत्ता लिहिताना एक नियम ध्यानात ठेवावा. पेटीचा क्रमांक आणि घराचा पत्ता दोन्ही लिहिले, तर गाव-राज्य-झिप कोडच्या ओळीच्या लगेच वरची जी ओळ असते, तिथे टपाल जाते. म्हणून पेटीतच हवे असेल, तर तीच ओळ खाली ठेवावी, किंवा घराचा पत्ता लिहूच नये. पेटीचा झिप कोड घराच्या झिप कोडपेक्षा वेगळा असू शकतो, तोही तपासून घ्यावा.

डिसेंबरात दीड-दोन महिने भारतात जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पोस्टात सांगून जावे, कारण आधी व्यवस्था केल्याशिवाय ३० दिवसांहून जास्त काळाचे टपाल पेटीत साठू देता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारी हा काळ करांचे कागद टपालाने येण्याचा असतो, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

पीओ बॉक्स हा टपालाचा पत्ता आहे, राहण्याचा नव्हे. बँका खाते उघडताना राहता पत्ता मागतातच. पेटीचा क्रमांक फक्त पत्रव्यवहारासाठी देता येतो. इमिग्रेशन खात्याच्या अर्जांतही टपालाचा पत्ता आणि राहण्याचा पत्ता असे दोन रकाने असतात. पेटी तीच राहिली, तरी घर बदलल्यावर बहुतेक बिगर-नागरिकांना १० दिवसांच्या आत नवा राहता पत्ता त्या खात्याला कळवावा लागतो. यूएसपीएसला पत्ताबदल कळवला म्हणजे इमिग्रेशन खात्यालाही कळला असे होत नाही, तरीही अनेकजण तसे धरून चालतात.

यूपीएस स्टोअरसारख्या दुकानांतही अशा पेट्या मिळतात आणि तिथे सर्व कंपन्यांची पार्सले येतात. तिथे १५८३ क्रमांकाचा वेगळा फॉर्म भरून तो नोटरीसमोर किंवा दुकानाच्या प्रतिनिधीसमोर साक्षांकित करावा लागतो. भाडेही सहसा जास्त असते. त्यांची खरी अडचण मात्र पेटी सोडताना उभी राहते, कारण दुकानातल्या पेटीवरून यूएसपीएस पत्ताबदलाचा अर्ज स्वीकारत नाही आणि टपाल पुढे पाठवण्याचे काम काही महिने त्या दुकानावरच अवलंबून राहते. पोस्टाच्या पेटीचे तसे नाही. ज्याच्या नावावर पेटी आहे, त्याने गाव सोडण्यापूर्वी पत्ताबदलाचा अर्ज द्यावा, दोन्ही किल्ल्या खिडकीवर जमा करून अनामत घ्यावी आणि उरलेल्या मुदतीच्या भाड्यापैकी काही परत मिळते का, ते त्याच वेळी विचारावे.