ट्रॉयच्या नादी लागण्याआधी: माझा लघुप्रबंध कुठे आपटला

एम.ए.च्या लघुप्रबंधाला मी विषय घेतला, 'ट्रॉयचं युद्ध खरंच झालं का?' वाटलं, उत्तर 'हो' नाहीतर 'नाही', झालं काम. परीक्षकांनी दुसऱ्याच पानावर पेन्सिलीने विचारलं होतं, "कुठलं ट्रॉय?" प्रबंध परत आला.

अकिलीस, हेक्टर, हेलन तुम्हाला माहीत असणार, ते सांगत बसत नाही. (लाकडी घोडा होमरच्या 'इलियड' या युद्धकाव्यात नाही, त्याच्याच 'ओडिसी'त आहे. तोंडी परीक्षेत इथेच दांडी उडते.)

मी अडकलो थरांत. तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकाडात एकावर एक नऊ मुख्य वस्त्या आहेत. जर्मन उत्खननकार श्लीमानला १८७३ मध्ये खालून दुसऱ्या थरात सोनं मिळालं आणि त्याने ते 'प्रायमचा खजिना' (प्रायम म्हणजे काव्यातला ट्रॉयचा राजा) म्हणून जाहीर करून टाकलं. तो थर निघाला युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजारेक वर्षं जुना. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या ड्योर्पफेल्डने १८९३-९४ मध्ये सहावा थर पकडला, कारण तटबंदी भक्कम आणि मिकेनी, म्हणजे कांस्ययुगातल्या ग्रीकांची, खापरंही सापडलेली. १९३२ ते १९३८ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ ब्लेगनने खणलं आणि म्हणाला, सहावं शहर भूकंपाने पडलं. होमरचं ट्रॉय म्हणजे त्यावरचं '७अ', सातव्या थराचा पहिला टप्पा. तिथे दाटीवाटीची घरं, जमिनीत पुरलेले रांजण, जळिताच्या खुणा. वेढ्यातलंच शहर वाटावं.

आता नीट बघा. माणसं तीन, थर तीन, आणि निवडायची फूटपट्टी एकच: होमर. आधी काव्याला शोभेल असा थर निवडायचा, मग त्याच थराकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, काव्य खरं आहे! मीही तेच केलं. ७अ जळालं इ.स.पू. ११८० च्या सुमारास, आणि ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने ट्रॉय पडल्याचं वर्ष काढलंय ११८४. त्या रात्री मला झोप आली नाही. पण एराटोस्थेनिस इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. त्याच्या हाती खापर नव्हतं, राजांच्या याद्या होत्या. त्यांवरून तो मागे मोजत गेला. शहर जळालं हे भिंती सांगतात. ते ग्रीकांनी जाळलं हे काव्य सांगतं. मी दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं आणि तळटीप दिली फक्त उत्खनन अहवालाची. हा जवळजवळ खोटेपणाच झाला, आणि तो लिहिताना मला कळलाही नाही.

म्हणून वहीत दोन रकाने पाडा. प्रत्येक विधानाला विचारा, होमर ऐकलाच नसता तर मी हे म्हटलं असतं का? नसतं, तर ते दुसऱ्या रकान्यात.

नावांचंही तसंच. लिनिअर बी ही मिकेनी ग्रीकांची लिपी १९५२ मध्ये उलगडली, आणि तिच्या मातीच्या पाट्यांवर अकिलीस, हेक्टर ही नावं आहेत. पण ती साध्यासुध्या माणसांची. नाव प्रचारात होतं, एवढंच सिद्ध होतं.

घाबरू नका, हाताला काहीच लागत नाही असं नाही. हिटाइट या तुर्कस्तानातल्या प्राचीन सत्तेच्या पाट्यांमध्ये विलुसा नावाचं राज्य आहे, बहुतेक अभ्यासक ते ट्रॉयच मानतात. पश्चिमेला अह्हियावा नावाची सत्ता आहे, ती ग्रीकांची असावी असं मत आता रूढ आहे, आणि विलुसावरून दोघांत बिनसल्याचा उल्लेखही एका पत्रात येतो. 'इलियड'च्या दहाव्या सर्गातलं रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण तर मिकेनी थडग्यांत प्रत्यक्ष सापडलंय. मात्र त्याच काव्यातले वीर मृतांना चिता देतात, आणि मिकेनी लोक बहुतेक पुरत असत. एकाच काव्यात कितीतरी शतकं कालवलेली आहेत. मला तरी 'युद्ध झालं की नाही' यापेक्षा हे जास्त रंजक वाटतं.

माझे गाईड म्हणाले होते, "विषय आकर्षक आहे, गुण मिळतील." असं म्हणणाऱ्या गाईडपासून जरा जपूनच. थराचा नकाशा मागणारे, कटकटे गाईड शोधा. माहितीपट प्रबंध लिहून झाल्यावर बघा. त्यांत ट्रॉय दर वेळी नव्याने सापडतं. ग्रीक येत नसेल तर एम.ए.पुरतं अडत नाही, पण जर्मन थोडी शिकाच. १९८८ पासून ट्यूबिंगेनच्या चमूने केलेल्या उत्खननाचं बरंचसं लेखन जर्मनमध्ये आहे.

फेरसादरीकरणात मी शीर्षकातून 'युद्ध' काढलं आणि '७अ थरातील जळिताचा पुरावा' एवढंच ठेवलं. पानं निम्म्यावर आली. पास झालो, काठावर.